पाटी, पत आणि पहिलं पान

दिवाळीला तीन आठवडे उरले होते. मुलुंड पूर्वेला, गव्हाणपाड्याकडे राहणाऱ्या एका ताईंचा फोन आला. त्यांचा घरगुती फराळाचा व्यवसाय. त्यातही चकलीच्या भाजणीला मागणी जास्त. भाच्याने हौसेने वेबसाइट करून दिली होती. "आम्ही गूगलवर कुठे दिसतच नाही हो. दिवाळीच्या आत वर आणून द्याल का?"

मी त्यांच्या घरी गेलो, साइट उघडली. पानाचं शीर्षक होतं 'होम'. पदार्थांची यादी होती, पण छापील कार्डाचा फोटो काढून चिकटवलेली. मजकूर म्हणावा अशी एकच ओळ, आपले सहर्ष स्वागत आहे वगैरे. ज्या भाजणीवर घर चालत होतं तो 'भाजणी' शब्द अख्ख्या साइटवर एकदाही अक्षरांत लिहिलेला नव्हता.

फोनशेजारी मात्र एक दोनशे पानी वही होती. सासूबाई फोन घेत आणि कोण काय विचारतं ते तारीखवार टिपून ठेवत. चकली मऊ का पडते? किलोभर भाजणीच्या चकल्या किती होतात? मोहन किती घालायचं? ठाण्याला पोचवाल का? मुलीकडे अमेरिकेला न्यायची आहे, किती दिवस टिकेल? वही चाळताना माझ्या लक्षात आलं, की ज्याला आमच्या धंद्यात 'कीवर्ड रिसर्च' म्हणतात आणि ज्याचे वेगळे पैसे लावतात, ते काम या आजी कित्येक वर्षं फुकटात करत होत्या.

त्या दिवाळीत काहीही झालं नाही. होणार नाही हे मी आधीच सांगितलं होतं आणि ते ऐकून ताईंचा चेहरा पडला होता. शीर्षकातला 'होम' काढून तिथे 'चकलीची भाजणी घरपोच, मुलुंड आणि ठाणे' असं लिहिलं. यादी अक्षरांत उतरवली. मग पुढच्या आषाढापर्यंत, वहीतल्या एका प्रश्नाला एक पान याप्रमाणे, आजी सांगत गेल्या आणि ताई टाइप करत गेल्या. त्यानंतरच्या दिवाळीला चकली मऊ पडण्याचं कारण शोधत आलेली माणसं भाजणीची ऑर्डर देऊन जाऊ लागली.

हे पुस्तक त्या वहीचा विस्तार आहे. वेबसाइट शोधात वर कशी आणावी, या विषयावर आजवर ढीगभर लिहिलं गेलं, पण त्यातलं मला पटलेलं सगळं त्या दोन दिवाळ्यांच्या मधल्या वर्षात मावतं. लोक ज्या शब्दांत विचारतात त्याच शब्दांत, आपल्याला खरोखर माहीत असलेलं उत्तर लिहून ठेवायचं, ते नीट जपायचं आणि मुरायला वेळ द्यायचा. बाजारात याला पत म्हणतात. पाटी एका दिवसात रंगवून होते; पत मिळायला वर्षं जातात.

नवख्या वाचकासाठी आधी यंत्राची ओळख करून देतो. सर्च इंजिन तीन कामं करतं. पहिलं काम फिरण्याचं: 'क्रॉलर' नावाचा प्रोग्राम एका पानावरच्या लिंका धरून दुसऱ्या पानावर, तिथून तिसऱ्या पानावर असा भटकत राहतो. दुसरं काम सूची करण्याचं. जाड ग्रंथाच्या शेवटी कुठला शब्द कुठल्या पानावर आहे याची शब्दसूची असते, तशीच ही, फक्त अब्जावधी पानांची. तिसरं काम क्रम लावण्याचं. आपण शोधपट्टीत काही लिहितो तेव्हा यंत्र जग धुंडाळायला निघत नाही, आधी करून ठेवलेली सूची चाळतं. म्हणून आज टाकलेलं पान यंत्र तिथवर येऊन ते वाचून जाईपर्यंत त्याच्या लेखी अस्तित्वातच नसतं. एवढं समजलं तरी निम्मे गैरसमज गळून पडतात.

क्रमाचा मोह इंटरनेटहून जुना आहे. टेलिफोनच्या जाडजूड डिरेक्टरीत नावं वर्णानुक्रमे लागत, तेव्हा दुकानाच्या नावाआधी दोन-तीन 'ए' जोडून यादीच्या डोक्यावर बसण्याची युक्ती जगभर चालली. ग्रंथालयांत याच प्रश्नाचा विचार अधिक सभ्यपणे झाला. एस. आर. रंगनाथन यांनी १९३१ साली ग्रंथालयशास्त्राचे पाच नियम मांडले. त्यातला चौथा वाचकाचा वेळ वाचवण्याविषयी आहे. आजच्या सर्च इंजिनांची सगळी धडपड त्या एका नियमात सांगता येते.

वेबच्या सुरुवातीच्या काळातही क्रम माणसंच लावत. १९९४ साली 'याहू' निघालं ते साइटींची वर्गवार यादी म्हणून. आपल्याकडे मुंबईच्या राजेश जैन यांनी मार्च १९९५ मध्ये 'इंडियावर्ल्ड' सुरू केलं. व्हीएसएनएलने सर्वसामान्यांना इंटरनेट दिलं ते त्यानंतर, १५ ऑगस्ट १९९५ला. इंडियावर्ल्डच्या कुटुंबातली 'खोज' ही भारताविषयीच्या साइटींची यादी होती. नोव्हेंबर १९९९ मध्ये सत्यम इन्फोवेने हा सगळा पसारा ४९९ कोटी रुपयांना विकत घेतला, तेव्हा शोधण्याच्या सोयीलाही किंमत असते हे आपल्या लोकांना पहिल्यांदा आकड्यात दिसलं. त्याच काळात, १९९६ साली, व्ही. एस. एस. मणी यांनी मुंबईत 'जस्ट डायल' काढलं. फोन लावा, प्लंबर पाहिजे म्हणून सांगा, पलीकडचा माणूस तीन-चार नंबर देणार. त्या तीन-चारांत आपलं नाव कसं येईल, ही विवंचना मुलुंडच्या दुकानदाराला गूगलच्या आधीपासून ठाऊक आहे.

साइटी वाढल्या तशी हाताने केलेली यादी अपुरी पडू लागली. डिसेंबर १९९५ मध्ये आलेल्या 'अल्टाव्हिस्टा'सारख्या इंजिनांचा भर पानावरच्या शब्दांवर होता. त्यामागचं शास्त्र जुनं आणि भक्कम आहे. ब्रिटिश संशोधक कॅरन स्पार्क जोन्स यांनी १९७२ साली दाखवून दिलं होतं, की जो शब्द थोड्याच कागदपत्रांत येतो तो शोधासाठी अधिक मोलाचा. 'दुकान' शब्द सगळीकडे असतो, त्याने काही कळत नाही; 'भाजणी' शब्द मोजक्या ठिकाणी असतो, तो दिशा दाखवतो. पण शब्दांवर गुण मिळतात हे कळताच लोकांनी शब्दांचा चिखल केला. पांढऱ्या पानावर पांढऱ्या अक्षरांत एकच शब्द दोनशे वेळा लिहिणं ही तेव्हाची हुशारी होती. वाचणाऱ्याला दिसत नसे, यंत्र मात्र फसत असे.

यातून वाट काढली स्टॅनफर्ड विद्यापीठातल्या लॅरी पेज आणि सर्गेई ब्रिन या विद्यार्थ्यांनी. त्यांच्या 'पेजरँक' पद्धतीवरच्या लेखनात जम्मूत जन्मलेले, आयआयटी कानपूरचे राजीव मोटवानी हे सहलेखक होते. कल्पना करा, एक रिकामटेकडा माणूस पास काढून लोकलमध्ये बसला आहे. जिथे उतरेल तिथून सुटणारी कुठलीही गाडी पकडतो, आणि मधूनच कंटाळून भलत्याच स्टेशनावर उगवतो. वर्षभर असा भटकला तर तो जास्त वेळा कुठे सापडेल? दादरला, कुर्ल्याला, ठाण्याला. तिथे येणाऱ्या गाड्या जास्त, आणि त्यातल्या बऱ्याच गाड्या मोठ्या स्टेशनांवरूनच आलेल्या. वेबवर पान म्हणजे स्टेशन आणि लिंक म्हणजे गाडी. पेज आणि ब्रिन यांच्या गणितातला भटक्या शंभरातल्या साधारण ८५ वेळा समोरची लिंक धरतो, १५ वेळा कुठेही उडी मारतो. ज्या पानावर तो वारंवार पोचतो ते पान वजनदार. सप्टेंबर १९९८ मध्ये गूगल ही कंपनी झाली, आणि पानाची किंमत पान स्वतःविषयी काय म्हणतं यापेक्षा इतर पानं त्याच्याकडे बोट दाखवतात की नाही यावर जास्त ठरू लागली. 'पत' हे तत्त्व यंत्रात शिरलं ते इथे.

मग लिंकांचाही बाजार भरला. त्यात मी स्वतः तोंड पोळून घेतलं आहे, तेही सांगून टाकतो. २०११ साली मी एका क्लासची साइट सांभाळत होतो. एका एजन्सीने महिन्याला पाचशे लिंका देऊ केल्या. मी घेतल्या. चार महिने साइट वर चढत गेली आणि मी मित्रांमध्ये शहाणा ठरलो. २४ एप्रिल २०१२ला गूगलने 'पेंग्विन' नावाचा बदल केला. विकतच्या लिंकांवर उभ्या असलेल्या साइटी त्यात कोसळल्या, आमचीही कोसळली. प्रवेशाचा हंगाम तोंडावर आलेला. मालक शांतपणे एवढंच म्हणाले, "आता पुन्हा पत्रकं वाटू या." त्या लिंका एकेक करून काढायला लावणं, ज्या निघत नव्हत्या त्या गूगलला नाकारायला सांगणं, यात वर्ष-दीड वर्ष गेलं. माझी त्या वेळची वह्या-वह्यांची टिपणं या पुस्तकाच्या पायात आहेत.

मोठेही सुटले नाहीत. फेब्रुवारी २००६ मध्ये बीएमडब्ल्यू कंपनीची जर्मन साइट गूगलने सूचीतून काढून टाकली होती. यंत्राला एक पान आणि माणसाला दुसरं पान दाखवण्याचा तो प्रकार होता. फेब्रुवारी २०११च्या 'पांडा' बदलाने दुसऱ्यांचा मजकूर उचलून पातळ पानांचे ढीग लावणाऱ्या साइटींना खाली ढकललं. २१ एप्रिल २०१५पासून मोबाइलवर नीट न दिसणारी पानं मोबाइलच्या शोधात मागे पडू लागली. ऑक्टोबर २०१९ मध्ये 'बर्ट' ही भाषा समजून घेणारी पद्धत इंग्रजी शोधात आली आणि त्याच डिसेंबरात सत्तरहून अधिक भाषांत पसरली. त्यात मराठी होती. डिसेंबर २०२२ मध्ये गूगलने पानं तपासणाऱ्या माणसांना दिलेल्या मार्गदर्शिकेत कौशल्य, अधिकार आणि विश्वासार्हता यांच्या जोडीला 'अनुभव' हा निकष आला. वीस-पंचवीस वर्षांच्या या बदलांची दिशा एकच राहिली आहे. दर वेळी एक लबाडी बंद झाली, आणि जे मुळातच सरळ धंदा करत होते त्यांना फारसं काही बदलावं लागलं नाही.

या कामात निरनिराळी घराणी आहेत, आणि संगीतातल्यासारखीच प्रत्येकाला आपलंच खरं वाटतं. तांत्रिक घराणं म्हणतं, आधी घर नीट बांधा. पान झटकन उघडावं, मोबाइलवर वाचता यावं, एकच मजकूर चार पत्त्यांवर नसावा, क्रॉलरला वाट मोकळी असावी. मजकुराचं घराणं म्हणतं, घर कितीही देखणं असो, आत काही नसेल तर पाहुणा थांबणार कशाला? लिंकांचं घराणं ओळखीपाळखीवर भर देतं: कुणी तरी तुमचं नाव घ्यायला हवं. स्थानिक घराणं नकाशा, पत्ता आणि ग्राहकांचे अभिप्राय सांभाळतं. आणि या सगळ्यांच्या बाहेर 'ब्लॅक हॅट' मंडळी आहेत, ज्यांचा भर यंत्राला चकवण्यावर. त्यांच्या युक्त्या कधी कधी चालतात हे कबूल केलं पाहिजे. माझी चार महिने चालली होती. पुस्तकात कुठल्याच एका घराण्याचा गंडा बांधलेला नाही. पण क्रम विचाराल तर आधी घर वाचण्याजोगं करा, मग मजकूर लिहा, ओळखी त्यामागून येतात.

मराठीत हे काम करताना या घराण्यांच्या पुस्तकांत न सापडणाऱ्या अडचणी येतात. जुनी अडचण फॉन्टची. युनिकोड ही सगळ्या लिप्यांसाठीची सामाईक अक्षरपद्धत रुळण्याआधी मराठी मजकूर श्रीलिपी, कृतिदेव, शिवाजी अशा फॉन्टांत टाइप होई. पडद्यावर 'मुलुंड' दिसे, पण संगणकाच्या पोटात रोमन अक्षरांची आणि चिन्हांची भेळ साठवलेली असे. फॉन्ट काढून घेतला की उरे ती नुसती भेळ. सर्च इंजिनाला तेवढीच दिसे. त्या काळात कष्टाने चढवलेला किती तरी मराठी मजकूर असा होता, की वाचणाऱ्यासाठी तो मराठी आणि शोधणाऱ्यासाठी शून्य. १९९६ साली सुरू झालेल्या 'मायबोली'सारख्या उपक्रमांनी आणि पुढे मराठी विकिपीडियाने लोकांना वेबवर मराठी लिहायची सवय लावली. युनिकोड आल्यावर ते लिहिलेलं शोधतही येऊ लागलं.

फॉन्टची अडचण संपली तरी अक्षरांची शिल्लक आहे. खोबऱ्याच्या वड्या घ्या. 'खोबऱ्याच्या' मधला तो अर्धा र दोन तऱ्हांनी टाइप होतो: एक, खाली टिंब असलेल्या 'ऱ'पासून, दुसरा, साध्या 'र'ला हलन्त देऊन मध्ये न दिसणारं जोडचिन्ह घालून. डोळ्यांना दोन्ही सारखेच, संगणकाच्या लेखी दोन वेगळे अक्षरक्रम. काही जण कंटाळून 'खोबर्याच्या' असंच सोडून देतात. 'ॲ'चंही तेच. हे स्वतंत्र अक्षर युनिकोडमध्ये आलं २००८ साली. त्याआधी लोक 'अ'वर चंद्र बसवून काम भागवत, आणि कित्येक कळफलक अजून तसंच करतात. कुठलं सर्च इंजिन यातलं किती समजून घेतं हे वेळोवेळी बदलतं. आपल्या हातात एवढंच, की निदान आपल्या साइटवर एक शब्द एकाच तऱ्हेने टाइप व्हावा.

मग विभक्तीचा खेळ. मुलुंडमध्ये, मुलुंडला, मुलुंडचा, मुलुंडमधली, मुलुंडहून. वडी, वड्या, वड्यांची. इंग्रजीत गावाचं नाव वाक्यात जसंच्या तसं राहतं, मराठीत ते शेपटी लावून हिंडतं. त्यातही कुणी 'मुलुंड' लिहितो, कुणी 'मुलूंड'. शिवाय बरेच मराठी लोक मराठीतला प्रश्न रोमन अक्षरांत टाइप करतात, कारण बोटांना तीच सवय. अशा वेळी एकाच शब्दाची पंचवीस रूपं पानात कोंबण्याचा सल्ला देणारे भेटतील. तो पांढऱ्या अक्षरांचा जुनाच चिखल आहे. नैसर्गिक मराठी लिहिली की ही रूपं आपोआप पडतात: शीर्षकात मूळ नाव, मजकुरात 'मुलुंडमध्ये', प्रश्नात 'मुलुंडला'. चांगलं मराठी गद्य लिहिणं हेच इथे तंत्र आहे, हे मला उशिरा कळलं.

एक दिलासाही आहे. 'मुंबईत घर विकत घेणे' अशा विषयावर इंग्रजीत वर यायचं तर मोठमोठ्या कंपन्यांशी टक्कर घ्यावी लागते. पण चकली मऊ का पडते, सोसायटीचं हस्तांतरण शुल्क कोण भरतं, दहावीच्या भूमितीत प्रमेय कसं लिहावं, अशा शेकडो प्रश्नांवर मराठीत धड पान सापडत नाही. रांग लहान आहे. आपल्याकडे माहिती असलेली माणसं भरपूर, पण त्यांचं ज्ञान व्हॉट्सॲपवर फिरतं, संध्याकाळी विरून जातं. संस्थांच्या सूचना फोटो काढून चढवल्या जातात; चित्रातल्या अक्षरांवर विसंबून राहता येत नाही. जे अक्षरांत लिहिलेलंच नाही त्याला क्रमांक देणार कोण?

आता मुलुंडविषयी. ठाण्याच्या अलीकडचं, मुंबई महापालिका हद्दीतलं हे शेवटचं उपनगर. पश्चिमेचा पिन ४०००८०, पूर्वेचा ४०००८१, आणि मधून रेल्वेचे रूळ. स्थानिक शोधाचा सगळा अभ्यास या गावात करता येतो. गूगल स्थानिक निकालांसाठी तीन गोष्टी सांगतं: शोधणाऱ्याला जे हवं त्याच्याशी मेळ, अंतर आणि नावलौकिक. अंतर आपल्या हातात नसतं. उरलेल्या दोन गोष्टींत मात्र आपण आपल्या हाताने घोळ घालतो. एकाच दुकानाचा पत्ता एका ठिकाणी 'पाच रस्त्याजवळ', दुसरीकडे 'एम. जी. रोड', तिसरीकडे 'स्टेशनसमोर'. फोन नंबर जुना. नावात कधी 'अँड सन्स', कधी नाही. पोस्टमन सरावाने समजून घेतो, यंत्राला तीन वेगळी दुकानं वाटू शकतात. नकाशावर पूर्वेची एखादी जागा पश्चिमेच्या ग्राहकाला हाकेच्या अंतरावर दिसते, पण तिथे जायला पूल चढून उतरावा लागतो, आणि गुडघे दुखणारी व्यक्ती तो चढणार नाही. हे यंत्राला कसं सांगणार? आपल्या पानावर लिहून: "पश्चिमेला रोज संध्याकाळी घरपोच देतो." मला विचाराल तर पूर्व-पश्चिम दोन्हीकडे पोचवणाऱ्या प्रत्येक धंद्याच्या साइटवर हे वाक्य असायला हवं.

या पुस्तकाचा खरा नायक काळ आहे, म्हणून त्याविषयी थोडं सविस्तर. गूगलच्याच माणसांनी जाहीरपणे सांगितलं आहे, की सुधारणांचा परिणाम दिसायला बहुतेक वेळा चार महिने ते एक वर्ष लागतं. का लागतं? क्रॉलरने यायला हवं. बदललेलं पान वाचून जुन्याशी ताडून पाहायला हवं. तोच प्रश्न विचारणाऱ्या शंभर जणांनी ते उघडून समाधानाने थांबायला हवं. कुणी तरी दुसऱ्याने त्याचा उल्लेख करायला हवा. यातली एकही गोष्ट पैसे टाकून उरकता येत नाही. जाहिरात पैशाने लागते, पण तिची जागा वेगळी, आणि पैसे संपले की ती उतरते.

काळ आपल्या बाजूने वळवायच्या युक्त्या साध्या आहेत. दिवाळीचं पान दिवाळीत टाकायचं नाही, आषाढात टाकायचं. दर वर्षी नवं पान काढून त्याच्या पत्त्यात साल घालायचं नाही. एकच पत्ता ठेवून त्याच पानावर भाव आणि तारखा बदलायच्या, म्हणजे गेल्या वर्षीची पत या वर्षीच्या खात्यात जमा राहते. नातवाने नवी साइट केली तर जुने पत्ते बंद करायचे नाहीत, जुन्या पत्त्यावर आलेल्याला नव्या पत्त्याकडे वळवायचं. दुकान हलवलं तर जुन्या शटरवर आपण चिठ्ठी लावतोच की! महिन्यातून एकदा गूगलचं 'सर्च कन्सोल' हे साधन उघडून लोक कुठल्या शब्दांनी आपल्यापर्यंत आले ते पाहायचं. ताईंच्या साइटवर 'भाजणी' शोधत येणारे होतेच, पण 'चकली तेलात विरघळते' हे शब्द टाइप करून आलेले पाहून आजी म्हणाल्या, "हे वहीत नव्हतं. मोहन जास्त झालं असणार. लिही." पुढच्या आठवड्यात त्याचंही पान झालं.

हे सगळं आत्ताच का सांगायचं? कारण खेळाचं मैदान पुन्हा बदलतं आहे. ऑगस्ट २०२४पासून भारतात गूगलच्या निकालांच्या डोक्यावर यंत्राने रचलेलं उत्तर दिसू लागलं. वाचकाला तिथेच उत्तर मिळालं तर तो खालच्या साइटवर येईलच असं नाही. त्यामुळे 'आता साइट कशाला?' असा प्रश्न क्लासवाल्यांपासून डॉक्टरांपर्यंत सगळे विचारतात. माझं मत असं: यंत्र उत्तर रचतं ते कुणी तरी आधी लिहिलेल्यावरून. दहा साइटींवर सापडणारी साधारण माहिती सांगणारी पानं यात मागे पडतील, आणि ज्यांनी स्वतः भाजणी दळली आहे, स्वतः खटला लढवला आहे, स्वतः मुलांना शिकवलं आहे, त्यांच्या लिहिण्याला मोल राहील. मराठीतला असा मजकूर आधीच तुटपुंजा. तो आपण लिहिला नाही तर यंत्र दुसऱ्या भाषेतलं उचलून आपल्या तोंडात घालेल.

दुसरं कारण सत्तेचं. भारतात दहातले नऊहून अधिक शोध एकाच कंपनीच्या दारातून जातात. फेब्रुवारी २०१८ मध्ये भारतीय स्पर्धा आयोगाने शोधनिकालांतल्या पक्षपातासाठी गूगलला १३५.८६ कोटी रुपयांचा दंड ठोठावला होता. ऑगस्ट २०२४ मध्ये अमेरिकेतल्या संघीय न्यायालयाने शोधाच्या बाजारात कंपनीने मक्तेदारी बेकायदा टिकवल्याचा निकाल दिला. म्हणजे ज्या पंचासमोर आपण खेळतो, त्याच्या पंचगिरीवरही आक्षेप आहेत. म्हणून पुस्तकात शोधक्रमाइतकाच भर स्वतःच्या डोमेनवर, ग्राहकांच्या स्वतःच्या यादीवर आणि दारावरच्या पाटीवरही दिला आहे. सगळी पत एकाच पेढीवर ठेवू नये, हे आपल्या आजोबांनाही माहीत होतं.

पुस्तकाचा वाचक कोण, हे डोळ्यांसमोर ठेवून लिहिलं आहे: घरगुती उद्योग करणाऱ्या बाया, एका डॉक्टरचा दवाखाना, क्लास, वाचनालय, नाटकमंडळी, गावच्या माणसांनी चालवलेलं मंडळ. ज्यांच्याकडे एजन्सीला द्यायला दरमहा पैसे नाहीत, पण आठवड्यातून दोन तास आहेत. प्रोग्रामिंग येण्याची गरज नाही. जिथे ते लागतं तिथे कुणाला काय काम सांगायचं आणि झालेलं काम कसं तपासायचं एवढं दिलं आहे. उदाहरणं शक्यतो इथलीच घेतली, नावं मात्र काढली. कुठलंही तंत्र सांगताना ते किती वर्षं टिकलं आहे याचा विचार केला. सहा महिन्यांत शिळं होणारं बहुतेक बाहेर ठेवलं. पहिल्या क्रमांकाची हमी पुस्तकात नाही. ती देणारा फोन तुम्हाला दुपारी चारच्या सुमारास येईलच. तो कसा हाताळायचा हे मात्र आहे.

माझ्या चुका लपवलेल्या नाहीत आणि मतभेदाला जागा ठेवली आहे. या क्षेत्रात छातीठोकपणे बोलणारे फार. यंत्राच्या पोटात नेमकं काय चालतं हे बाहेरच्या कुणालाच पूर्ण दिसत नाही. आपण सगळे परिणामांवरून अंदाज बांधतो. म्हणून वाचकाने स्वतःच्या साइटवर करून पाहावं, तारीख टाकून टिपून ठेवावं आणि मगच माझ्यावर विश्वास ठेवावा.

त्यासाठी पुस्तकाच्या शेवटी बारा कोरी पानं ठेवली आहेत, महिन्याला एक. प्रकाशकांना ती आधी वाया वाटली. मी त्यांना आजींची वही नेऊन दाखवली. तेलाचे डाग, कोपऱ्यात दुधाचा हिशेब, आणि प्रत्येक ओळीत कुणाचा तरी खरा प्रश्न. पानं राहिली. पहिलं प्रकरण वाचायच्या आधी, या आठवड्यात लोकांनी तुम्हाला काय विचारलं ते त्यातल्या पहिल्या पानावर त्यांच्याच शब्दांत लिहून काढा. शुद्धलेखन सुधारू नका.

मुलुंड (पूर्व)
आषाढी एकादशी